कडूबाच्या पोटातली थर्ड शिफ्ट

डाळिंबाचं साल केरात टाकायचं नाही, एवढंच कडूबानं ठरवलं होतं. त्यापुढं जे घडलं ते त्यानं ठरवलेलं नव्हतं. करमाडच्या सासुरवाडीत बायकांनी तोंडाला पदर लावला, मेहुणा साहेबराव भरल्या ताटावर मान घालून बसला, आणि म्हाताऱ्या सासूनं एक अशी मागणी केली की सगळं घर गप्प झालं. हे सारं त्या एका सालातून निघालं.

पण आधी गुडघ्यांचं सांगायला पाहिजे.

कडूबा वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. सारी नोकरी त्यानं मशीनमागं उभ्यानं काढली आणि रिटायर झाल्यावर मुकुंदवाडीतल्या आपल्या घरात खाटेवर पडून विश्रांती घेतली. विश्रांती गुडघ्यांना मानवली नाही. ते सुजले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, आणि खुर्चीवरून उठायचं-बसायचं असा व्यायाम करा. कडूबा म्हणाला, "शाळेत उठाबशा काढल्या तेवढ्या बस झाल्या." आणि तो विषय त्यानं तिथंच मिटवला. (गुडघ्यांनी मिटवला नाही.)

मागच्या धोंड्याच्या महिन्यात त्याची खरी शोभा झाली. धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई हा देव असतो. (बाकीच्या काळात तो काय असतो ते सासुरवाडीला विचारावं.) पुरणाचे धोंडे करायचे, जावयाचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवून जेवू घालायचं. कडूबा पाटावर बसला झोकात. जेवला झोकात. उठायची वेळ आली तेव्हा पाय म्हणाले, आम्ही काही येत नाही. साहेबराव, म्हणजे बायको वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ, त्यानं गावातली दोन पोरं आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर बोलावला. चौघांनी मिळून देवाला उचललं. सासू भागूबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. त्यांना वाटलं जावयाला मिरवणुकीसाठीच उचललंय. त्यांनी हात जोडले.

तेव्हापासून साहेबरावाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "दाजी, जेसीबी लावू का?"

यंदा पुन्हा धोंडा येणार होता. अजून बराच अवकाश होता तरी भागूबाईंनी फोन लावायला लावला.

"जावईबापू, यंदा बी पाटावरच बसा बरं का. पुढच्या धोंड्याला मी असंन का नसंन. एवढ्या बारीला तुमचे पाय धुते, मंग सुटले."

कडूबा हो म्हणायला गेला. तेवढ्यात साहेबरावानं फोन घेतला.

"दाजी, मायचं मनावर घेऊ नका. मंगल कार्यालयातली खुर्ची आणून ठेवतो, नवरदेवाची, लाल मखमलीची. टेबल बी. नाहक इज्जतीचा पंचनामा नको."

"पाटावरच बसंन मी," कडूबा म्हणाला. "आणि उठंन बी."

"कोणाला धरून?"

"कोणाला बी न धरता."

फोन ठेवल्यावर तो खाटेवरून उठायला गेला, आणि वच्छलाबाईंना धरून उठला.

आता डाळिंब. कडूबाची नात प्रेरणा कॉलेजात अन्नशास्त्र शिकते. एका सकाळी ती ओट्यापाशी डाळिंब सोलत होती आणि परीक्षेचं मोठ्यानं पाठ करत होती. "सूज कमी करणारी पॉलिफिनॉलं दाण्यांपेक्षा सालात जास्त," असं काहीतरी ती म्हणाली. कडूबाच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला, सूज. त्यानं केराच्या डब्यात हात घालून साल बाहेर काढलं, धुतलं आणि खिशात ठेवलं.

एका सालानं काय होणार. मग तो रोज सकाळी बस स्टॉपपर्यंत चालत जायला लागला. तिथं ज्यूसचा गाडा आहे. गाडेवाला साली पोत्यात भरून ठेवायचा, कडूबा पिशवी भरून आणायचा, गच्चीवर चढायचा, जुन्या धोतरावर साली पसरायचा. ऊन फिरलं की पुन्हा वर. उकिडवं बसून एकेक साल पालटायचं, कण्हत उठायचं, खाली यायचं. गच्चीवर वच्छलाबाईंच्या कुरडया वाळत होत्या, त्या एका कोपऱ्यात गेल्या.

"औंदा लोकाच्या घरी कुरडया, आमच्या घरी साली," वच्छलाबाई म्हणाल्या.

"औषध हाय ते."

"व्हय का. मंग लोकं पाव्हण्याला ज्यूस देतेत, आपण औषध देऊ."

वाळलेल्या सालीची पूड झाली. पुडीचा काढा झाला. काढा इतका तुरट की पहिल्या घोटाला कडूबाची जीभ टाळूला चिकटली आणि तासभर तो कोणाशी बोलू शकला नाही. घरातल्यांना तो काढा तेव्हा फार गुणकारी वाटला. पण कडूबा हट्टाचा. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला. गुडघ्यांच्या आधी पोटावर परिणाम झाला. पोट पूर्ण बंद पडलं.

सकाळ सकाळ तो संडासात जाऊन बसायचा आणि नळाला पाणी यायचा दिवस असला तरी बाहेर यायचा नाही. शेवटी प्रेरणा दाराशी उभी राहिली.

"आबा, किती काढा घेता तुम्ही?"

"दोन पेले," आतून आवाज आला.

"कोणी सांगितलं?"

"तूच म्हणली. सालात लई असतं."

"मी अभ्यास करत होते आबा. तुम्हाला सांगत नव्हते. अहो, साल आतडं आवळतं. ते जुलाब थांबवायला देतात."

"तुझ्या बापाला जुलाब झाले की मी हेच उगाळून द्यायची," वच्छलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "इचारलं असतं तर सांगितलं असतं."

दुपारी प्रेरणानं आजोबाला समोर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. ती शहरातली पोरगी, बोलणं स्वच्छ.

"हे बघा आबा. साल तुरट का लागतं? त्या पॉलिफिनॉलांमुळं. झाड स्वतःच्या रक्षणाला ती बनवतं. ती सालातच असतात असं नाही. ज्वारीत आहेत, जांभळात आहेत, शेंगदाण्याच्या टरफलात आहेत, चहात आहेत. पण आपल्या शरीराला ती नीट फोडता येत नाहीत. वरच्या आतड्यातून थोडीशीच रक्तात जातात. बाकीची जशीच्या तशी खाली मोठ्या आतड्यात जातात. तिथं जिवाणू असतात, कोट्यवधी. ते त्यांचे बारीक तुकडे करतात, आणि ते तुकडे मग रक्तात शिरतात."

कडूबाचे डोळे चमकले. "म्हंजे माल जॉबवर्कला जातो."

"हं. तसं म्हणा."

"आतड्यात कामगार हायेत."

"आहेत."

"आणि माल पोचायला टाइम लागत आसंल. खाल्लं की लगेच नाय."

"बरेच तास लागतात."

"थर्ड शिफ्ट," कडूबा समाधानानं म्हणाला. "पुढं?"

"पुढं लिव्हर. लिव्हर त्या तुकड्यांना एक शेपूट चिकटवतं. म्हणजे ते पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे बाहेर जाऊ शकतात."

"गेटपास."

"आबा, ऐका. बाहेर पडेपर्यंत ते रक्तात फिरतात, आणि सूज आणणारे जे निरोप शरीरात फिरत असतात त्यांना थोडं गप्प करतात. असं प्रयोगात दिसलंय, पण बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर जास्त. माणसांचं अजून खात्रीनं सांगता येत नाही. हे औषध नाही. डॉक्टरांनी जो व्यायाम सांगितला..."

पण कडूबा गेटपासपाशीच थांबला होता. सारा जन्म त्यानं शिफ्ट चालवली होती, आणि रिटायर झाल्यावर वाटत होतं आपल्या हाताखाली आता कोणी नाही. तर हे एवढे कोट्यवधी लोक आतमध्ये राबत होते आणि त्यांना सुपरवायझर नव्हता.

त्या दिवसापासून घरात कंपनी सुरू झाली. काढा पेल्यावरून चमचाभरावर आला, कारण जास्त माल पाठवला म्हणून कामगारांनी गेट बंद केलं होतं हे त्याला पटलं. कामगारांना कँटीन पाहिजे म्हणून ज्वारीची भाकरी, डाळ, ताक सुरू झालं. जेवण झालं की तो खाटेवर आडवा होऊन पोटावर हात ठेवायचा.

"आवाज करू नका. शिफ्ट लागली."

वच्छलाबाई कुकर लावायच्या. कुकरची शिट्टी झाली की कडूबा दचकून उठायचा.

"अगं, भोंगा वाजवू नको. त्यांना वाटंल सुट्टी झाली."

"अवं, तुमच्या पोटातल्यांना सुट्टी झाली तर माझ्या वरणाची डाळ कच्ची राहू द्यायची का?"

त्याच सुमारास प्रेरणाच्या मॅडमनी कॉलेजात एक अभ्यास सुरू केला. वयस्कर माणसांनी डाळिंबाचा रस प्यायचा आणि मग लघवीचा नमुना द्यायचा. त्यात त्या बारीक तुकड्यांपैकी एक, युरोलिथिन नावाचा, सापडतो का ते बघायचं. माणसं मिळत नव्हती. कडूबानं नाव दिलं, आणि प्रेरणाच्या आग्रहानं वच्छलाबाईंनीही दिलं. (नमुना द्यायला त्या तयार नव्हत्या. "लोकाच्या पोरींच्या हातात असलं काय द्यायचं," म्हणत त्यांनी बाटली स्टीलच्या डब्यात घातली, डबा कापडी पिशवीत, आणि पिशवीवर कढीपत्ता ठेवला.)

निकाल यायचा होता तोपर्यंत कडूबा रुबाबात होता. निकाल घेऊन प्रेरणा आली तेव्हा दोघं ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"आजी, तुझ्या नमुन्यात युरोलिथिन भरपूर निघालं."

"वाईट हाय का ते?"

"नाही. चांगलंय."

"आणि माझं?" कडूबानं विचारलं.

प्रेरणा जरा अडखळली. "आबा, काही लोकांच्या पोटात त्या कामाचे जिवाणू असतात, काहींच्या नसतात. त्यात कमीपणा काही नाही."

"थोडे तर आसतील."

"तुमच्यात काहीच नाही निघालं."

कडूबा हातातली शेंग न फोडताच बसून राहिला. एवढे दिवस कँटीन चालवलं, शिट्टी बंद केली, दुपारची झोप मोडून देखरेख केली, आणि शेडमध्ये त्या कामाचा एक माणूस नाही. नोकरीत असं झालं असतं तर त्याला मेमो मिळाला असता.

"नवीन भरती करता येती का?" त्यानं शेवटी विचारलं.

"तसं सोपं नाही आबा. म्हणजे, एका घरात राहणाऱ्यांच्या पोटातले बरेच जिवाणू सारखे असतात. सोबत राहून, सोबत खाऊन इकडचे तिकडे जातात. पण..."

"सोबत खाऊन?" वच्छलाबाई शेंगा निवडता निवडता म्हणाल्या. "ह्यांनी कधी माझ्यासोबत खाल्लं? लगीन झाल्यापासून मी ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवते. ह्यांनी माझं खाल्लं असंल तर देवाशप्पथ सांगावं."

कडूबानं सावकाश मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला.

"म्हंजे वाहतूक एकाच बाजूनं चालू हाय."

"कसली वाहतूक?"

"माझी माणसं ताटातून तुझ्याकडं गेली. सगळी. म्हणून तुझी शेड भरलेली आणि माझी रिकामी."

"आबा, तसं नसतं," प्रेरणा म्हणाली.

"तू शिकली हायेस, पण तू शिफ्ट नाय चालवली," कडूबा म्हणाला. "माणसं जिथं जेवण मिळतं तिथं जातेत. आता ती परत आणायची."

आणि आपल्या लोकांत नवऱ्यानं कधी न केलेली गोष्ट कडूबानं करायचं ठरवलं. बायकोचं उष्टं खायचं.

पहिल्या दिवशी त्यानं ताट वच्छलाबाईंसमोर ठेवलं आणि म्हणाला, "तू जेव आधी." वच्छलाबाईंना वाटलं अन्नात काही पडलंय.

"मला पाप लागंल."

"कंपनीच्या कामाला पाप नसतं."

त्या जेवायला बसल्या आणि कडूबा समोर खाटेवर बसला. एक घास घ्यायच्या, वर बघायच्या.

"अवं, तुम्ही मांजरावानी टक लावून बसले. घास उतरंना."

"उतरू दे सावकाश. थोडं ठेव मात्र. आणि भाकर तू मोडलेली ठेव, हात लागलेली."

अर्धी भाकरी आणि वरणाचा तळ ताटात ठेवून त्या उठल्या. कडूबा बसला. पहिला घास चावला आणि थांबला. भाकरी गार होती, एका बाजूनं काळी झालेली. वरणात डाळ कमी, पाणी जास्त.

"ही भाकर अशी का?"

"शेवटची हाय. तवा लई तापतो, लागते."

"रोज शेवटची कोण खातं?"

वच्छलाबाई तवा उचलून मोरीकडं गेल्या.

कडूबानं तो जळका घास चावून चावून खाल्ला. कंपनीत असताना त्याला कामगारांचं कँटीन तपासायची सवय होती. त्याच्या शिफ्टमध्ये कोणाला असं जेवण मिळालं असतं तर त्यानं ते ताट उचलून मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवलं असतं. इथं ताट न्यायचं कुठं, हे त्याला कळेना. मॅनेजर तोच होता.

दुसऱ्या दिवशी तव्यावरची पहिली भाकरी, टम्म फुगलेली, त्यानं स्वतः उचलून वच्छलाबाईंच्या ताटात टाकली. हात पोळला.

"आता हे काय नवीन?"

"तुझ्याकडं माझी माणसं हायेत. त्यांना ताजं पाहिजे."

"माणसांना पाहिजे व्हय," वच्छलाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी ताटात उष्टं ठेवलं ते निम्म्याहून जास्त होतं, आणि त्यात मेथीची भाजी होती, जी कडूबाला आवडते.

मग ते अंगवळणी पडलं. वच्छलाबाईंनी अर्धा कप चहा प्यायला की कडूबा हात पुढं करायचा. त्यांनी जांभूळ अर्धं खाल्लं की उरलेलं तो घ्यायचा. शेजारच्या बाईनं एकदा हे खिडकीतून पाहिलं आणि गल्लीत सांगितलं की कडूबादादांना काहीतरी बाहेरचं झालंय.

आणि गुडघे? गुडघे खरोखर हलके व्हायला लागले होते. साली पालटायला गच्चीवर जाताना कठडा धरावा लागेना. कडूबानं प्रेरणाला बोलावून दाखवलं, "बघ. भरती सुरू झाली." प्रेरणानं गच्चीच्या जिन्याकडं पाहिलं, आजोबाकडं पाहिलं, आणि मनातल्या मनात पायऱ्या मोजल्या.

धोंड्याचा महिना लागला. उन्हाचा कहर होता. कडूबा, वच्छलाबाई आणि प्रेरणा सकाळच्या बसनं करमाडला गेली. साहेबरावाच्या घरात कूलर घरघरत होता आणि बैठकीच्या मधोमध लाल मखमलीची खुर्ची मांडलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दोन दांडगी पोरं उभी होती, बाह्या सावरून.

"ही कोण?" कडूबानं विचारलं.

"असू द्या दाजी. गरज पडली तर," साहेबराव म्हणाला.

"खुर्ची काढ."

भागूबाई भिंतीला धरून पुढं आल्या. "पाट मांडला का गं केसर?"

"मांडला आत्याबाई," केसरबाई म्हणाल्या. या साहेबरावाच्या बायको.

दोन पाट शेजारी शेजारी, भोवती रांगोळी. लेक-जावई लक्ष्मीनारायण म्हणून जोडीनं बसवायचे. भागूबाईंनी पितळी परातीत कडूबाचे पाय धुतले. अर्धं पाणी रांगोळीवर गेलं. कडूबा पाटावर बसला. कट्ट असा एक आवाज झाला. साहेबरावानं पोरांकडं पाहिलं. कडूबा म्हणाला, "पाट वाजला."

जेवण सुरू झालं. धोंडे तुपात बुडलेले, आमटी, कुरडई, भजी. सासुरवाडीची माणसं भोवती उभी होती आणि साहेबरावही समोर ताट घेऊन बसला होता. जेवता जेवता वच्छलाबाईंनी अर्धा धोंडा मोडून ताटाच्या कडेला ठेवला. रोजच्या सवयीनं ठेवला. आणि रोजच्या सवयीनं कडूबाचा हात शेजारच्या ताटात गेला, धोंडा उचलला आणि तोंडात घातला.

केसरबाई तूप वाढत होत्या. तुपाची धार वाटीऐवजी पाटावर पडत राहिली. बायकांनी तोंडाला पदर लावले. वच्छलाबाई लाजून जमिनीकडं बघत होत्या.

"काय झालं गं?" भागूबाईंनी विचारलं.

"दाजींनी आक्काच्या ताटातलं खाल्लं, आत्याबाई."

"कोणाच्या?"

"आक्काच्या. उष्टं."

कडूबाच्या तेव्हा लक्षात आलं. देवाचा मान मिळालेल्या माणसानं भरल्या घरात हे केलं होतं. त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. "ते गुडघ्यापायी हाय, आत्याबाई. म्हंजे आतड्यात कामगार असतेत. माझे सगळे हिच्याकडं गेले. ते परत आणायचे तर..."

"दाजी," साहेबराव हळू आवाजात म्हणाला, "गुडघ्याचं डोक्यात गेलं का?"

"तू गप रे," भागूबाई म्हणाल्या. त्या चाचपडत पुढं आल्या आणि दोन्ही पाटांच्या अगदी समोर खाली बसल्या. त्यांचं तोंड कडूबाच्या ताटापासून हातभर अंतरावर आलं.

"माझी लेक लोकाचं उष्टं खाऊन म्हातारी झाली. तिचं कोणी खाल्लेलं मी अजून बघितलं नव्हतं. आता बी डोळ्याला नीट दिसलं नाय." त्यांनी डोळे बारीक केले. "जावईबापू, परत एकदा खा."

कोणी हललं नाही. वच्छलाबाईंनी धोंड्याचा एक तुकडा मोडला, त्यातला थोडा स्वतः खाल्ला, उरलेला ताटात ठेवला. कडूबानं तो उचलला आणि सासूच्या डोळ्यांसमोर सावकाश खाल्ला.

"दिसलं," भागूबाई म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "केसर, तू बी ताट वाढून घे, दोन घास खा, आणि उरलेलं साहेबरावाला दे."

"माय, माझे गुडघे बरे हायेत," साहेबराव म्हणाला.

"तोंड बी बरं हाय तुझं, लई चालतं. खा."

साहेबरावानं खाल्लं. मान खाली घालून खाल्लं, आणि केसरबाईंनी त्याच्यासाठी मुद्दाम मिरचीचं भजं उरवलं होतं.

मग ती वेळ आली. हात धुऊन झाले. दोन्ही पोरं पुढं सरकली. कडूबानं त्यांना हातानं थांबवलं. एक गुडघा वर घेतला, दुसरा घेतला, पुढं झुकला, आणि कोणालाही न धरता उभा राहिला. गुडघे दोनदा वाजले, पण उभे राहिले. प्रेरणानं टाळ्या वाजवल्या. साहेबराव काही झालं तरी मनाचा चांगला, त्यानं वाकून दाजीच्या पायाला हात लावला.

"उठले का?" भागूबाईंनी विचारलं.

"उठले, माय. आपले आपण," साहेबराव म्हणाला.

कडूबानं छाती पुढं काढली. कंपनीत बेस्ट सुपरवायझरचा कप मिळाला तेव्हाही त्याला असं वाटलं नव्हतं. मग त्यानं खाली पाहिलं. वच्छलाबाई अजून पाटावरच होत्या.

"उठ की."

"उठते. तुम्ही व्हा पुढं."

"काय झालं?"

"काय नाय. जरा दम खाते."

त्यांनी जमिनीवर हात टेकला, थोड्या वर आल्या आणि पुन्हा बसल्या.

"अगं, तुझे बी गुडघे दुखतेत?"

"दुखतेत की."

"कवापासून?"

"तुमच्या आधीपासून."

कडूबा गोंधळला. "पण तुझ्याकडं तर सगळे कामगार हायेत. शेड फुल हाय तुझी."

"आसंल. गुडघ्यांना कोणी कळवलं नसंल."

"मंग बोलली का नाय इतके दिवस?"

"तुमचे दुखत व्हते ना," वच्छलाबाई म्हणाल्या. "एका घरात किती जणांनी दुखून घ्यायचं."

कडूबानं दोन्ही हात पुढं केले. वच्छलाबाईंनी ते धरले. त्यानं जोर लावला, वच्छलाबाईंनीही लावला. वच्छलाबाई उठल्या नाहीत, कडूबा मात्र सरळ खाली आला, स्वतःच्याच पाटावर, आणि त्याचे गुडघे आपल्या जुन्या जागी जाऊन जे बसले ते बसले.

साहेबरावानं बाह्या सावरल्या. "चला रे पोरांनो. यंदा डबल गाडी हाय."

दोघांना एकदमच उचललं. वच्छलाबाई हसत होत्या, इतक्या की उचलणाऱ्यांचा तोल जात होता. भागूबाईंनी लक्ष्मीनारायण वर निघालेले पाहिले आणि हात जोडले.

घरी आल्यावर कडूबानं पुन्हा नमुना दिला. बऱ्याच दिवसांनी प्रेरणा निकाल घेऊन आली. या वेळी ती दारातच थांबली.

"आबा, अजूनही काहीच नाही."

"एवढं उष्टं खाऊन?"

"मोठ्या माणसाच्या पोटात जागा आधीच भरलेल्या असतात. नवीन जिवाणू सहज टिकत नाहीत."

"मंग गुडघे कशानं उतरले?"

"तुम्ही रोज गाड्यापर्यंत चालत जात होतात. गच्ची चढत होतात. साली पालटायला उकिडवे बसून उठत होतात. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, आबा. फक्त डाळिंब सांगितलं नव्हतं."

उठाबशाच निघाल्या होत्या शेवटी. पण सवय काही मोडली नाही. आता साली पालटायला दोघं मिळून गच्चीवर जातात, एकमेकांना धरून. ताट एकच लागतं, आणि पहिली भाकरी वच्छलाबाईंची असते. एका ताटाचं खरकटं काढायला मोरीवर उकिडवं बसायचं ते गुडघे दुखत असताना वच्छलाबाईंनी का बसावं, असा प्रश्न निघाला, आणि त्याचं उत्तर घरात एकाच माणसाकडं होतं.

परवा प्रेरणाच्या मॅडम घरी आल्या होत्या. आजीचा नमुना पुन्हा पाहिजे होता. जाता जाता त्यांनी हसत विचारलं, "मग आजोबांची भरती कुठवर आली? लागला का एखादा कामगार?"

"लागला की," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मोरीकडं बोट दाखवलं. तिथं कडूबा राख आणि काथ्या घेऊन तवा घासत बसला होता. "सध्या टेम्परवारी हाय. काम बघून पर्मनंट करू."